बंदिशाळेतील सेवा आणि विघ्नविचार

चिंचवडला पवनेच्या काठी श्रीमोरया गोसावींची समाधी आहे. ज्या गावात 'मोरया' हा शब्द घरोघर उच्चारला जातो, त्या गावी राहून विघ्नाविषयी काही निराळे सांगावयास जाणे थोडे धाडसाचेच आहे. विघ्न म्हणजे कार्याचा शत्रू. ते आधी दूर व्हावे आणि मग कार्य चालावे, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. लग्नमुंजीपासून ग्रंथारंभापर्यंत आपण हाच क्रम पाळतो, आणि सामान्य व्यवहारात तो योग्यही आहे. परंतु काही कार्ये अशी असतात की त्यांतील विघ्न वेगळे काढू गेल्यास कार्याचाच गाभा हाती लागेनासा होतो. बंदिवानांची सेवा हे अशांपैकी एक कार्य होय असे आम्हांस वाटते, आणि त्याची कारणे वाचकांपुढे ठेवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चिंचवडहून येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह फारसे दूर नाही. दापोडी व खडकी मागे टाकली की थोड्याच वेळात त्याच्या भिंती दिसू लागतात. या दोन स्थळांचा संबंध जुना आहे. चिंचवडच्या चापेकर बंधूंपैकी दामोदर हरी चापेकर यांस 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यास फाशी झाली. लोकमान्य टिळक त्या वेळी त्याच तुरुंगात शिक्षा भोगीत होते, आणि त्यांच्याकडून मिळालेली गीतेची पोथी हाती घेऊनच दामोदरपंत वधस्तंभाकडे गेले असे सांगतात. आज चिंचवडचा या कारागृहाशी येणारा संबंध निराळा आहे. कारखान्यांच्या आश्रयाने भोसरीपासून चाकणपर्यंत ज्या वस्त्या वाढल्या, त्यांतील कित्येक तरुण काही ना काही आरोपाखाली गजाआड जातात. त्यांच्यासाठी आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील थोडी माणसे, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी गृहिणी, कोणी धर्मनिष्ठ उपासक, आठवड्याचा एक प्रहर राखून ठेवतात. या मंडळींचे कौतुक करणे हा आमचा विषय नव्हे. त्यांच्यापुढे जो प्रश्न दर आठवड्यास उभा राहतो, तो मात्र विचार करण्याजोगा आहे.

ही सेवा बाहेरून पाहणारास सोपी वाटते. कोणी अक्षरे शिकवावी, कोणी भजन अगर प्रवचन करावे, कोणी ख्रिस्ती मंडळींप्रमाणे प्रार्थना चालवावी, कोणी ध्यानाचे धडे द्यावेत, आणि तासाभराने घरी परतावे. परंतु कोणत्याही कारागृहात असा अखंड तास क्वचितच हाती लागतो. फाटकावर नोंद आणि झडती व्हावयाची असते. बराकीतून माणसे आणावयाची तर शिपाई हवा, आणि तो न्यायालयाच्या गाडीबरोबर गेलेला असतो. वर्ग भरला न भरला तोच मुलाखतीसाठी एकाचे नाव पुकारले जाते. तो उठतो, आणि त्याच्या पाठोपाठ सर्वांचे लक्षही उठून जाते. मोजणीचा आकडा जुळला नाही तर सर्वांस रांगेत बसवून पुन्हा मोजतात. धोक्याची घंटा झाली तर वर्ग जागच्या जागी मोडतो. कोणी तरी 'ग' गिरवीत असतो, आणि त्याचा काना ओढावयाचा राहूनच जातो. शिवाय ऐकणारांतही सगळेच ऐकावयास आलेले नसतात. कोणी पंख्याखाली बसावयास येतो. कोणी मध्येच विचारतो, 'हे सगळे ऐकून माझी तारीख लवकर लागणार आहे काय?'

या प्रसंगी सेवकाच्या मनात जो त्रागा उत्पन्न होतो तो स्वाभाविक आहे. त्याच्या मुळाशी मात्र एक गृहीत कल्पना आहे, ती ही की हा तास आपला आहे. आपण तो घरातून, नोकरीतून, विश्रांतीतून काढून आणला. म्हणून जो कोणी तो मोडील तो आपले काही तरी हिरावून घेतो. आमच्यासारख्या कारखानी गावात तर ही कल्पना फारच बळावते. येथे दिवस पाळ्यांत विभागलेला असतो, यंत्र थांबले की नुकसान किती झाले याचा हिशेब तत्काळ मांडला जातो, आणि जो खंड तो तोटा, ही भाषा माणसाच्या अंगवळणी पडते. यंत्राविषयी ती बरोबरच आहे. पण दान दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क उरत नाही, हे आपल्या धर्मशास्त्रापासून साध्या व्यवहारापर्यंत सर्वांस मान्य आहे. गाय दान देऊन तिने कोणत्या अंगणात चरावे हे सांगत बसणाऱ्यास आपण हसतो. मग तास दान देऊन त्यातील मिनिटे मोजणाऱ्यास काय म्हणावे? जो वेळ आपण दिला तो दिला. तो आता बंदिवानाच्या दिवसाचा भाग झाला, आणि त्या दिवसाची जी गती तीच त्याची गती.

ती गती कशी असते? भारतातील कारागृहांत 2022 च्या अखेरीस सुमारे 5 लाख 73 हजार माणसे होती, आणि त्यांपैकी सुमारे 4 लाख 34 हजार, म्हणजे शेकडा पंचाहत्तरांहून अधिक, कच्चे कैदी होती. त्यांचा अपराध न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. शिक्षा झालेल्या माणसास निदान आपल्या शिक्षेचा शेवट ठाऊक असतो. कच्च्या कैद्यास तोही ठाऊक नसतो. तारीख पडते, गाडी मिळत नाही. गाडी मिळते, साक्षीदार येत नाही. साक्षीदार येतो, वकील पुढील तारीख मागतो. त्याचे शिक्षण, नोकरी, संसार ही सर्व एका वाक्याच्या मध्येच तुटलेली असतात. सेवकाच्या वाट्याला आठवड्यातून एकदा जो व्यत्यय येतो, तोच बंदिवानाच्या वाट्याला अहोरात्र येत असतो. म्हणून तास मोडला की सेवक बंदिवानापासून दूर जात नाही, उलट कदाचित प्रथमच त्याच्या शेजारी बसतो. त्या क्षणी तो कपाळास आठ्या घालतो की स्वस्थ राहतो, याकडे समोरच्या सर्वांचे डोळे लागलेले असतात. कारण परस्वाधीन वेळ कसा सोसावा हा त्यांच्या आयुष्यातील मुख्य प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रवचनात सांगण्यापेक्षा वर्तनात दाखविणे अधिक विश्वसनीय असते.

तथापि सर्व व्यत्यय एका जातीचे मानणे चुकीचे होईल. काही व्यत्यय ऐकणारांकडून येतात. आमच्या मते ते मुळी व्यत्ययच नव्हेत. 'माझी तारीख कधी?' असे जो मध्येच विचारतो, त्याने आपल्या विषयास फाटा फोडला असे वरवर दिसते. वस्तुतः त्याने खरा विषय काढलेला असतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस, तिची मिळकत न पाहता, विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. ज्या सेवकास हे ठाऊक आहे आणि जो प्रवचन क्षणभर बाजूस ठेवून ते त्या माणसास नीट समजावून सांगतो, त्याने प्रवचन सोडले असे आम्ही म्हणणार नाही. उपहास करणाऱ्याविषयीही तेच. बाहेरच्या जगात आपले व्याख्यान न आवडणारा श्रोता उठून जातो. तुरुंगातील श्रोत्यास आपला असंतोष दाखविण्यास उपहासाखेरीज दुसरे साधन पुष्कळदा नसते.

या संबंधात इंग्लंडातील एलिझाबेथ फ्राय या बाईंचे उदाहरण स्मरणात ठेवण्यासारखे आहे. लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांची दुर्दशा त्यांनी 1813 साली प्रथम पाहिली, आणि काही वर्षांनी तेथे शाळा व शिवणकाम सुरू केले. या बेबंद बायका कोणताही नियम पाळणार नाहीत, असे तेथील जाणत्या अधिकाऱ्यांचे मत होते. फ्रायबाईंनी 1817 मध्ये नियम तयार केले. पण ते लादण्याऐवजी एकेक नियम त्या स्त्रियांपुढे वाचून त्यावर त्यांचेच मत घेतले, आणि त्यांनी हात वर करून ते मान्य केले. जी माणसे इतरांच्या कामात अडथळा आणतात ती पुष्कळदा अशी असतात की ज्यांना कोणीही कधी काही विचारलेले नसते.

दुसऱ्या जातीचे व्यत्यय तुरुंगाच्या शिस्तीतून येतात. मोजणी, झडती, घंटा यांस इलाज नाही, आणि त्यांबद्दल कुरकुर करणारा सेवक आपण कोठे आलो हेच विसरला असे म्हटले पाहिजे. परंतु शिस्त निराळी आणि हेळसांड निराळी. नेमलेली खोली दर आठवड्यास बदलणे, वर्गाचा दिवस ठाऊक असूनही माणसे न आणणे, ही शिस्तीची अंगे नव्हेत. मनात आणल्यास कारागृह निर्विघ्न वेळ देऊ शकते, याचा पुरावाही आहे. 1975 साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचे शिबिर झाले, आणि एप्रिल 1994 मध्ये दिल्लीच्या तिहार येथे हजाराहून अधिक बंदिवान एकाच वेळी दहा दिवसांच्या मौनास बसले. तेव्हा हेळसांडीविरुद्ध सेवकाने नम्रपणे, लेखी आणि न कंटाळता तक्रार करावी. मात्र ती 'माझा तास बुडाला' अशी नसावी, 'त्यांचा तास बुडाला' अशी असावी. या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे, आणि सेवेचा सारा प्रश्न त्या एका शब्दात आहे.

येथे कोणी विचारील, की इतक्या तुटक तासांतून निष्पन्न ते काय होणार? ज्ञान हे सलगपणा मागते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास आपणांस महाराष्ट्राबाहेर जावयास नको. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. 21 फेब्रुवारीस पहिले झाले, 19 जूनला अठरावे. दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे अठरा रविवारी अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून आज ती आपल्या घरांत आहेत. प्रत्येक प्रवचनानंतर सहा दिवसांचा खंड होता, आणि त्या सहा दिवसांत तुरुंगाचे सर्व व्यवहार चालूच होते. तरी त्या ग्रंथाची सलगता आपणांस जाणवते. ती घटकांच्या अखंडतेतून आलेली नाही. पुढल्या रविवारी बोलणारा तेथे असणारच, या खात्रीतून आलेली आहे.

यावर असे म्हणता येईल की विनोबा स्वतःच बंदिवान होते. ते जाणार कोठे? हा प्रतिप्रश्न मार्मिक आहे, आणि आमच्या मते बाहेरून जाणाऱ्या सेवकाचे खरे कर्तव्य यातूनच उघड होते. विनोबांस भिंतीने बांधले होते. सेवकास भिंत बांधीत नाही. त्याच्यासाठी फाटक दोन्ही बाजूंनी उघडते, आणि ऐकणारांस ते पक्के ठाऊक असते. त्यांच्या आयुष्यातून अनेक माणसे 'पुन्हा येतो' म्हणून गेलेली असतात. म्हणून त्याच्यापुरते भिंतीचे काम त्याच्या शब्दाने केले पाहिजे. एखाद्या आठवड्यास केवळ दहा मिनिटे मिळाली, अगर फाटकावरूनच परत जावे लागले, तरी पुढल्या आठवड्यास तो ठरल्या दिवशी हजर असला, तर त्या बुडालेल्या तासानेही काही शिकविले असे होते. उलट, तास निर्विघ्न मिळेनात म्हणून जो येणे सोडतो, तो बंदिवानाच्या आयुष्यातील व्यत्ययांत आणखी एकाची भर घालतो, आणि तोही असा की ज्याचा दोष शिपायावर ढकलता येत नाही.

आतापर्यंत आम्ही सहिष्णुतेची बाजू मांडली. पण सहिष्णुतेस एक मर्यादा आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. समजा, वर्ग चालू असता एखाद्या बंदिवानास सर्वांसमक्ष उठवून शिवी दिली गेली, अगर त्याच्यावर हात टाकला गेला. हाही व्यत्ययच. तो सोसून धडा पुढे चालवावा काय? येथे सेवक खऱ्या पेचात सापडतो. तो तेथेच भांडला तर बहुधा त्याची परवानगी रद्द होईल, चाळीस माणसांचा वर्ग बंद पडेल, आणि ज्याच्यासाठी तो भांडला त्या माणसास रात्री त्याची किंमत द्यावी लागेल. तो गप्प राहिला तर तो त्या तुरुंगाच्या सामानापैकी एक झाला. बाकावर बाक, तसा तोही. मौनाने सेवा टिकते, पण ती कोणाची सेवा ठरते?

या पेचाचा विचार करताना येरवड्यातीलच एक गोष्ट आम्हांस मार्गदर्शक वाटते. 1930 साली महात्मा गांधी तेथे बंदिवान असता दर मंगळवारी आश्रमवासीयांस व्रतांवर एकेक पत्र लिहीत. 22 जुलैपासून हा क्रम सुरू झाला, आणि ती पत्रे पुढे 'मंगल प्रभात' या नावाने प्रसिद्ध झाली. तुरुंगास ते 'येरवडा मंदिर' म्हणत. अकरा व्रतांत स्वदेशी हे एक व्रत होते. परंतु त्यावर लिहू गेल्यास राजकारणाच्या, म्हणजे बंदिवानास निषिद्ध असलेल्या क्षेत्रात पाऊल पडेल, या विचाराने त्यांनी तेवढे पत्र तुरुंगात लिहिले नाही. त्या विषयावर त्यांनी सुटकेनंतर लिहिले. या साध्या वर्तनात दोन गोष्टी आहेत. तुरुंगाचा नियम त्यांनी चोरून मोडला नाही. आणि नियमासाठी आपला विचार कापून, सौम्य करून, अर्धवटही मांडला नाही. जागा रिकामी ठेविली, आणि ती जेथे भरता येईल तेथे भरली.

आम्हांस वाटते की सेवकाचाही मार्ग असाच असावा. अपमानाच्या त्या क्षणी त्याने हमरीतुमरीवर येऊ नये. पण जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढची ओळही वाचू नये. धडा थांबवावा. तेवढे थांबणे सर्वांस कळते. ते त्या माणसास सांगते की तुझे दुःख येथे कोणी तरी पाहिले. आणि मग जे बोलावयाचे ते योग्य ठिकाणी, अधीक्षकांपाशी, कारागृहाच्या अभ्यागतांपाशी, विधी सेवा प्राधिकरणापाशी, स्वतःच्या सहीने बोलावे. त्या माणसास विचारून, त्याच्यावर आणखी संकट येणार नाही अशी काळजी घेऊन बोलावे. यात परवानगी गमावण्याचा धोका आहेच. तो पत्करण्याची तयारी नसेल, तर आपण सेवा टिकवीत आहो की सेवेचे समाधान टिकवीत आहो, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

शेवटी, आपल्या घरांतून हमखास निघणारा एक प्रश्न उरतो. ज्यांनी दुसऱ्यांच्या आयुष्यात भयंकर व्यत्यय आणले, कोणाचा मुलगा मारला, कोणाचे घर लुटले, त्यांच्यासाठी एवढा धीर कशाला? हा प्रश्न निर्दय नाही. जखमी झालेल्यांच्या वतीने तो विचारला जातो, आणि त्यास आदराने उत्तर दिले पाहिजे. त्यांपैकी बहुतेकांवर दोष सिद्ध झालेला नाही हे वर सांगितलेच. पण ज्यांच्यावर तो सिद्ध झाला आहे त्यांच्याविषयी काय? आमचे उत्तर असे, की दुसऱ्याच्या आयुष्याचा धागा तोडणे हाच जर त्यांचा अपराध, तर न तुटणाऱ्या धाग्याचा अनुभव त्यांस कोठे तरी मिळालाच पाहिजे. रागाच्या भरात, लोभाच्या भरात, आपल्या इच्छेआड जे आले त्यास बाजूस सारावे, हीच वृत्ती पुष्कळ गुन्ह्यांच्या मुळाशी असते. आपल्या तासाआड आलेल्या मोजणीवर चिडणारा सेवक त्या वृत्तीचाच एक सभ्य नमुना त्यांच्यापुढे ठेवितो. आणि इच्छा अडली असताही जो माणूस स्वस्थ राहतो, अन्याय दिसताच थांबतो, आणि पुढल्या आठवड्यास पुन्हा येतो, तो त्यांस अशी एक गोष्ट दाखवितो की जी त्यांच्यापैकी अनेकांनी क्वचितच पाहिली असेल. हे त्यांचे लाड नव्हेत. उद्या ती माणसे सुटून आपल्याच गल्लीत, आपल्याच कारखान्यांच्या फाटकांवर येणार आहेत. तेव्हा त्यांनी हे पाहिलेले असणे जखमी झालेल्यांच्याही हिताचे आहे.

फळ मात्र मोजू नये. किती सुधारले, किती परत गुन्ह्याकडे गेले, याचा पडताळा शासनाने अवश्य घ्यावा. सेवकाने तो मनात घेऊन वर्गात बसू नये, कारण फळाची घाई हाच त्याच्या आतला सर्वांत मोठा व्यत्यय असतो, आणि त्यासाठी कोणतीही घंटा व्हावी लागत नाही. विघ्नहर्त्याची प्रार्थना करून आपण घरून निघतो, ते योग्यच आहे. फक्त फाटकापाशी पोहोचल्यावर त्या प्रार्थनेचा अर्थ किंचित बदलून घ्यावा: वाटेतील विघ्न जावो न जावो, विघ्न आले असता परत फिरण्याची बुद्धी मात्र जावो.